एकच स्टूल, एकच लाईट

नागपुरात महाल भागात गांधीगेटजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबांनी टाकलेला, आता मी चालवतो. दिवसभरात वीस-तीस डोकी त्या गोल स्टुलावर येऊन बसतात. कुणाला पासपोर्टचा हवा, कुणाला परीक्षेच्या फॉर्मचा, आणि तुळशीच्या लग्नानंतर बायोडाट्यावाल्यांची रांग. बायोडाट्यावाला मुलगा पैसे देता देता एकदा दाराकडे बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊ, समोरून थोडे भरून द्या न." काय भरायचं ते विचारावं लागत नाही. फोटोतले मागचे केस उचलायचे, समोर लावायचे, कडा पुसायच्या. पाच मिनिटांचं काम. त्याचे वेगळे पैसे मी कधी लावले नाहीत.

स्वतःचे भरायची वेळ आली तेव्हा मी एकेचाळीसचा होतो.

मागच्याच्या मागच्या सप्टेंबरात मला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात होतो, रोज सकाळी दहावीचा निकाल ऐकावा तसा प्लेटलेटचा आकडा ऐकायचा. बरा झालो, दिवाळी झाली, सगळं विसरलोही. आणि नोव्हेंबर संपता संपता उशीवर केस दिसायला लागले. आधी चार-दोन, मग चिमूटभर, मग आंघोळीच्या मोरीची जाळी तुंबली. आईनं उशी उचलून बघितली. "काहून रे, मांजर झोपलं होतं का इथं?" आमचे सलूनवाले भाऊ वीस वर्षांपासून माझी कटिंग करतात. त्यांनी मागून आरसा धरला आणि म्हणाले, "मागून चंद्र निघून राहिला, भाऊ." चंद्र काय अन् काय. त्या दिवशी मी त्यांना टिप दिली नाही.

मी फोटोवाला. आरशावर माझा भरवसा नाही, आरसा मूडप्रमाणे बदलतो. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी स्टुडिओचं शटर अर्धं पाडलं आणि स्वतःच्या डोक्याचे फोटो काढले. फरशीवर चिकटपट्टीची फुली, त्या फुलीवर स्टूल. कॅमेरा स्टँडवर, उंची टेपनं मोजलेली. दोन सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेडाचे दिवे, दोन्हीची पॉवर कागदावर लिहून ठेवलेली. केस आदल्या दिवशी धुतलेले आणि कोरडे, तेल नाही, भांग डावीकडून, कटिंग होऊन दहा दिवस झालेले. हनुवटी छातीला टेकवून वरचा एक, समोरचा एक, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांचा एकेक. दर महिन्याला हेच, काहीही न बदलता.

एवढा काटेकोरपणा कशाला, म्हणाल. तर त्यालाही एक गोष्ट आहे, आणि ती सांगायला मला बरं वाटत नाही. काही वर्षांआधी केसांच्या तेलाची एजन्सी घेतलेले एक गृहस्थ एका पोराला घेऊन स्टुडिओत आले. पत्रकासाठी "आधी" आणि "नंतर" पाहिजे होतं. "आधी"साठी पोराचं डोकं ओलं केलं, कारण ओले केस एकमेकांना चिकटून मधली चामडी उघडी पाडतात. लाईट थेट टाळूवर, हनुवटी खाली, तोंड पाडलेलं. मग चहा आला. मग ड्रायर मारला, केस मागून पुढे आणले, मोठा सॉफ्टबॉक्स समोर आणला, कॅमेरा थोडा खाली घेतला आणि पोराला हसायला सांगितलं. दोन फोटोंमध्ये चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा चहाची. छापून आलं तेव्हा खाली लिहिलं होतं, "अवघ्या तीन महिन्यांत." पैसे मी घेतले होते. तेव्हापासून केसांची कुठलीही जाहिरात दिसली की मी आधी सावली कुठे पडलीय ते बघतो. टाळूवर चमक एका फोटोत आहे आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे लाईट सरकलाय. केस उगवलेले नाहीत.

उपायांची सुरुवात घरातून झाली. आईचं मत ठरलेलं: माका. वैद्य ज्याला भृंगराज म्हणतात तोच. मामा मौद्याकडचे. त्यांच्या धानाच्या बांध्यांत पावसाळ्यानंतर माका पसरलेला असतो, बारीक पांढऱ्या फुलांचा. पिवळ्या फुलांचा घ्यायचा नाही, तो वेगळा. खरा माका ओळखायचा तर पानं तळहातावर चोळायची, थोड्या वेळात रस काळा पडतो आणि दोन दिवस हात काळे राहतात. मामांनी पोतंभर आणला. आईनं तो पाटा-वरवंट्यावर वाटला (मिक्सर आहे, पण माक्याला चालत नाही म्हणे), रस गाळला, घाण्यावरच्या तिळाच्या तेलात टाकला आणि मंद आचेवर ठेवला. त्यात गोडनिंब (कढीपत्ता), मेथी आणि शेजारच्या काकूंची जास्वंदही गेली. माझ्या मते ती वासासाठी.

तेल झालं की नाही हे ओळखायची आईची पद्धत बघण्यासारखी आहे. पहिले दोन तास कढई नुसती कुरकुरत असते, रसातलं पाणी उडत असतं. मग फेस येतो, मग बसतो. तेव्हा आईनं देवघरातली एक वात घेतली, तेलात बुडवली आणि पेटवली. वात तडतडली. "अजून पाणी आहे," म्हणाली आणि पुन्हा पळी फिरवायला लागली. अर्ध्या तासानं दुसरी वात. ती गुपचूप जळली, तेव्हा गॅस बंद. पाणी राहिलेलं तेल महिन्याभरात खवट होतं. पुढे एका वैद्यांनी सांगितलं की जुन्या ग्रंथांत तेल सिद्ध झाल्याची हीच परीक्षा दिली आहे, आणि मापही: वाटलेली वनस्पती एक भाग, तेल चार, रस सोळा. आईनं ग्रंथ उघडलेला नाही. तिच्याकडे हे तिच्या आजीकडून आलं.

दर रविवारी आणि बुधवारी रात्री आई डोक्याला तेल लावून द्यायची, एकेचाळीस वर्षांच्या घोड्याला. झोप छान लागायची. जानेवारीच्या फोटोत केस मऊ आणि काळेभोर दिसले. संख्या मात्र घटलेलीच.

मग कांदा. तो कुणी सुचवला हे सांगत नाही, कारण सगळ्यांनीच सुचवला. लाल कांदा किसायचा, फडक्यातून पिळायचा, कापसानं डोक्याला लावायचा, अर्धा तास ठेवून धुवायचं. पहिल्या दिवशी बायकोनं नाक धरून मला गच्चीवर पाठवलं. जानेवारीची थंडी, अंगात बनियन, डोक्यावर कांदा. दोनदा शाम्पू करूनही वास जात नाही, घाम आला की पुन्हा उठतो. स्टुडिओत एसी लावून बंद खोलीत मी फोटो काढून राहिलो आणि एक बाई मुलाला हळूच म्हणाल्या, "शेजारी सावजी आहे का रे?"

पण एप्रिलचा फोटो आला आणि मी खुर्चीतून उठलोच. टाळू झाकली होती. भांगेची रेघ डिसेंबरात बोटाएवढी रुंद होती, ती आता बारीक झाली होती. स्टूल तेच, लाईट तोच, कुठेही चलाखी नाही. मी दोन्ही फोटो मोठे छापले, काउंटरच्या काचेखाली लावले आणि खाली मार्करनं लिहिलं: "कांद्याचा रस. ३ महिने." लोक थांबून बघायचे. मी कृती सांगायचो, फुकट, उत्साहानं. एप्रिलभर मी फोटो कमी काढले आणि कांदा जास्त शिकवला.

मे महिन्यात एक पोरगा आला. चंद्रपूरकडचा, नंदनवनला खोली करून एमपीएससीची तयारी करतो. महिनाभराआधी फॉर्मचा फोटो काढायला आला होता, तेव्हा काचेखालचे फोटो मन लावून बघून गेला होता. आता डोक्याला दुपट्टा बांधून आला, बाहेर पंचेचाळीस डिग्री, मला वाटलं उन्हासाठी बांधला. त्यानं तो सोडला. टाळू लाल, जागोजाग फोड, दोन ठिकाणी पाणी सुटलेलं. अर्ध्या तासानं काम होतं तर रात्रभरानं जास्त होईल, असा त्याचा हिशेब. वरून लिंबूही पिळलं होतं, प्लास्टिकची टोपी घातली होती, आणि आग होऊन राहिली म्हणजे रस मुरून राहिला असं समजून तीन रात्री सहन केलं. "काका, तुमचे तर आले न," एवढंच म्हणाला.

शटर पाडलं आणि त्याला मागे बसवून धंतोलीला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडमनी त्याला तपासलं, मलम-गोळ्या लिहिल्या, कांदा-लिंबू बंद केलं. माझं तोंड काही बंद राहिलं नाही. मोबाईल काढून मी माझे दोन्ही फोटो दाखवले. म्हटलं, मॅडम, मला मात्र फरक पडला.

त्यांनी फोटो नीट बघितले. लाईटचंही कौतुक केलं. मग विचारलं, "डिसेंबरच्या दोन-तीन महिने आधी मोठा ताप येऊन गेला होता का?"

केसाचं असं असतं. प्रत्येक केस काही वर्षं, साधारण दोन ते सहा, वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन, असा मोठा धक्का बसला की वाढीच्या रांगेतले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात. गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी, म्हणून तापाशी त्याची सांगड कुणी घालत नाही. आणि मुळं शाबूत असल्यामुळे पुढच्या काही महिन्यांत ते आपोआप परत येतात. मी डोक्याला कांदा लावला असता, बटाटा लावला असता, नुसता गच्चीवर उभा राहिलो असतो तरी एप्रिलच्या फोटोत ते आलेच असते. माझे फोटो खरे होते. त्यांच्याखाली मार्करनं लिहिलेलं खोटं होतं.

"आता कपाळाचे कोपरे दाखवा," त्या म्हणाल्या. हे फोटो मी दर महिन्याला काढत होतो आणि एकदाही शेजारी ठेवून बघितले नव्हते. सगळं लक्ष टाळूवर. शेजारी ठेवले तर डिसेंबर आणि एप्रिलमध्ये कोपरे जिथल्या तिथे, उजवा थोडा मागेच. ही दुसरी भानगड होती, तापाच्या आधीपासून चाललेली.

घरी येऊन मी मॅक्रो लेन्स लावली. उजव्या कोपऱ्यात एक जाड काळा केस, त्याच्या बाजूला अर्ध्या जाडीचा तपकिरी, त्याच्या बाजूला तान्ह्या बाळाच्या लवेसारखा, जेमतेम दिसणारा. मॅडमनी सांगितलं होतं तेच. तिथलं मूळ एका दिवसात मरत नाही. पुरुषाच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. कपाळ आणि टाळूवरची काही मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात, आणि दर फेरीला आधीपेक्षा बारीक, आखूड केस काढतात. डोक्याच्या मागच्या मुळांना त्याचं काही वाटत नाही, म्हणून टकलू माणसालाही मागे झालर उरते. उशीवरचे केसही मी लेन्सखाली धरले. टोकाला पांढरा ठिपका असला की आई म्हणायची, "मुळासकट गेला." ते मूळ नसतंच. तो गळायला तयार झालेल्या केसाचा बुंधा, मूळ चामडीत असतं. ठिपका नसेल तर केस मधून तुटलेला, आणि तेल तिथेच कामाचं.

भाची बी.फार्म. करते. तिला कामाला लावलं, तर तिनं रविवारच्या जेवणाआधी चार शोधनिबंध माझ्या मोबाईलवर टाकले. कांद्याचा प्रयोग खरंच झाला आहे, बगदादला, २००२ साली छापलेला. कांदा लावणारे २३ जण, सहा आठवड्यांत त्यातल्या २० जणांना केस आले. पण ते सगळे चाई पडलेले रुग्ण. चाई म्हणजे गोल चट्टा, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मुळांवर उलटल्यामुळे पडणारा, आणि बरेचदा आपला आपण भरणारा. तिचा अन् कपाळ मागे जाण्याचा संबंध नाही. "मामा," भाची म्हणाली, "हॅमिल्टन नावाच्या एका अमेरिकन संशोधकानं १९४२ साली लिहून ठेवलंय की वयात यायच्या आधी ज्यांचं वृषण काढलेलं होतं, त्यांना टक्कल पडत नव्हतं." हा उपाय शंभर टक्के नैसर्गिक आहे, पण गच्चीवर, पानठेल्यावर, सलूनमध्ये मला तो कुणी सुचवला नाही.

खोबरेलाबद्दलचा निबंध २००३चा. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाहून जातं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाला ते जमलं नाही. संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्या लोकांचंच होतं, तरी मला ते पटतं. आमच्या गल्लीत बोअरचं पाणी आलं की साबणाला फेस येत नाही, केसांचा झाडू होतो. तेल लावून धुतले तर तेवढे तुटत नाहीत. फक्त यातून नवा केस निघत नाही.

रोजमेरी या सुवासिक झुडपाच्या तेलाचं मी मनापासून केलं. २०१५चा इराणमधला प्रयोग, शंभर पुरुष, अर्ध्यांना रोजमेरीचं तेल, अर्ध्यांना मिनॉक्सिडिल हे टकलावर लावायचं दोन टक्क्यांचं औषध. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस साधारण सारखेच वाढले. तीन महिन्यांनी मात्र दोन्हीकडे म्हणावा असा फरक नव्हता, आणि काहीच न लावणारा तिसरा गट प्रयोगात नव्हता, हे भाचीनं बोट ठेवून दाखवलं. मी जूनपासून सुरू केलं. दोन चमचे खोबरेलात पाच-सहा थेंब, कारण तसंच लावलं तर चामडी भाजते आणि एक पोरगा मी आधीच भाजून बसलो होतो. डिसेंबरपर्यंत नेटानं लावलं. उजव्या कोपऱ्यातल्या लवेपैकी काही केस थोडे गडद झाल्यासारखे दिसतात. "झाल्यासारखे" हा शब्द मी विचार करून लिहिलाय. ग्राहकाला त्यावर मी बिल लावणार नाही.

नवरात्रात भंडाऱ्यासाठी आमच्या वस्तीत मणभर कोहळं (लाल भोपळा) चिरलं जातं आणि बिया टोपलीभर निघतात. त्या आता मी घरी आणतो. कोरियात २०१४ साली ७६ पुरुषांवर प्रयोग झाला. २४ आठवडे रोज ४०० मिलिग्राम कोहळ्याच्या बियांचं तेल घेणाऱ्यांचे केस सरासरी ४० टक्के वाढले, तेल नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांचे १० टक्के. मात्र त्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये आणखीही काही पदार्थ होते, म्हणून श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. आई बिया वाळवून, भाजून, तिखट-मीठ लावून देते. संध्याकाळच्या चहासोबत उत्तम लागतात. डोक्याचं काय व्हायचं ते होवो.

रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी कमी. ज्या गावात मे महिन्यात डांबर वितळतं तिथं मला ऊन कमी पडून राहिलं, कारण सकाळी नऊ ते रात्री नऊ मी सॉफ्टबॉक्सखाली. थायरॉइड आणि लोह ठीक निघालं. एक गोष्ट कामाची म्हणून सांगतो: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. त्यानं थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. माझ्या चालू होत्या. थांबवून, काही दिवसांनी रक्त दिलं.

मिनॉक्सिडिल मॅडमनी समजावून सांगितलं. मूळची रक्तदाबाची गोळी, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस यायला लागले म्हणून डोक्याला लावायची बाटली निघाली. काम करतं, पण सोडलं की कमावलेलं जातं. मी नाही म्हटलं. एकेचाळिसाव्या वर्षी रोज लावायचं आणखी एक काही मला नको होतं. पंचविशीत असतो तर कदाचित घेतलं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्याऐवजी सलूनवाल्या भाऊंना म्हटलं, तीन नंबरची मशीन मारा. ते खूश झाले, त्यांना हे दोन वर्षांपासून सांगायचं होतं. लांब केस पातळ जागेवरून बाजूला सरकतात आणि चामडी जास्त उघडी पडते. आखूड केले की कपाळ आणि केसांमधली रेघ मऊ होते. आमच्या भाषेत, कॉन्ट्रास्ट कमी होतो. महिनावारी फोटोंपैकी सगळ्यांत बरा फोटो त्या महिन्याचा आहे. स्टूल आणि लाईट तेच, पण कटिंग वेगळी, म्हणून नियमाप्रमाणे तो मी बाद धरलाय.

आईचं माक्याचं तेल रविवारी अजून लागतं. जपानात नऊ पुरुषांनी २४ आठवडे रोज चार मिनिटं डोक्याला मसाज घेतला तर केसाची जाडी थोडी वाढली, असं भाचीनं आजीला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "चारच मिनिटं?"

काचेखालचे दोन्ही फोटो मी मे महिन्यातच काढले. तिथं आता लॅमिनेशनचे रेट आहेत.

तो पोरगा मागच्या आठवड्यात पुन्हा आला, नव्या फॉर्मसाठी. टाळू बरी झालीय, दोन फोडांच्या जागी तेवढे केस विरळ आहेत. स्टुलावर बसला, कॉलर नीट केली. मी लाईट लावत होतो तेव्हा म्हणाला, "काका, समोरून थोडे भरून द्या न." म्हटलं, "बाबू, परीक्षेच्या दारावर फोटो अन् तोंड जुळवून बघतात. अडकशील." तो गप्प बसला. मी वरचा लाईट बंद केला, समोरचा थोडा वाढवला आणि स्टँड दोन बोटं खाली घेतला.

"हनुवटी वर," म्हटलं. "अजून थोडी. बस."